सॅलड कसलं, ती तर तेलाची कोशिंबीर!

"मी नं, आज फक्त सॅलडच घेतलंय हं!"

लग्नाकार्यात हे वाक्य हल्ली इतक्या वेळा कानावर येतं की मोजणं सोडून दिलंय. बोलणारी व्यक्ती साधारण पन्नाशीच्या पुढची. पर्समध्ये किंवा खिशात गोळ्यांची डबी. डॉक्टरांनी गोड आणि तेलकट बंद केलेलं. पुरीला हात लावलेला नसतो, जिलबीकडे तर बघितलेलंही नसतं, आणि त्या त्यागाचं तेज चेहऱ्यावर दिसत असतं. प्लेटमध्ये मात्र पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत पदार्थाचे तीन डोंगर! एकात उकडलेला बटाटा, मटार आणि डब्यातला अननस. दुसऱ्यात मॅकरोनी. तिसऱ्यात बारीक चिरलेला कोबी. तिन्ही डोंगरांवरचा बर्फ एकच, मेयोनेज.

तर मंडळी, आज जरा भांडायचंच असं ठरवून बसले आहे. आपल्याच नात्यातले निदान सहा-सात जण ह्या वाक्याचे धनी आहेत, त्यांनी नाव घेतलं नाही म्हणून आभार मानावेत. राग आला तर परभणीचा पत्ता सगळ्यांना ठाऊक आहेच.

पहिली गोष्ट, ते दही नाही. साय नाही, लोणी नाही, चक्काही नाही. 'क्रीमी' म्हणतात म्हणून त्यात क्रीम असतं असं समजणारी चांगली शिकली-सवरलेली माणसं मी पाहिली आहेत. मेयोनेज म्हणजे तेल. अंड्याच्या पिवळ्या बलकात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो. तो एका हाताने तेलाला धरतो आणि दुसऱ्या हाताने पाण्याला. बलकात थोडं व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस घालायचा, थेंब थेंब तेल सोडायचं आणि घुसळत राहायचं. तेलाचे इतके बारीक कण होतात की ते पुन्हा एकत्र येऊ शकत नाहीत, आणि त्या असंख्य कणांवरून उजेड विखुरतो म्हणून ते सगळं पांढरं दिसतं. दूधही बरंचसं ह्याच कारणाने पांढरं दिसतं. पण गायीच्या दुधात स्निग्धांश शेकडा तीन-चार. मेयोनेजमध्ये किती असावा? अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे बाटलीवर 'मेयोनेज' हे नाव लावायचं तर वजनाने निदान ६५ टक्के वनस्पती तेल असावंच लागतं. घरी अंडं घालून केलं तर पाऊण हिस्सा तेल सहज होतं.

आपल्याकडे पुन्हा 'व्हेज मेयो'ची गंमत वेगळीच. अंडं नाही, म्हणजे सात्त्विक! चातुर्मासातही चालतं म्हणे. अंड्याच्या जागी दुधाची भुकटी किंवा सोयाचं प्रथिन, दाटपणासाठी स्टार्च आणि झँथन गम (लेबलावर तो ४१५ ह्या आकड्याने ओळखावा), शिवाय साखर, मीठ आणि टिकण्यासाठीची रसायनं. काही प्रकारांत तेल कमी असतं हे खरं, पण त्याची जागा पाणी, स्टार्च आणि साखर घेतात. माझं ऐकू नका, बाटली फिरवून मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा आपल्या देशात नियम आहे. जे नाव आधी, ते सगळ्यात जास्त. बहुतेक वेळा पहिल्या दोन नावांत रिफाइंड तेल सापडेल. भाजी नाही सापडणार!

आता गणित. (इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, सवय जात नाही.)

एक लहान वाटीभर, म्हणजे १०० ग्रॅम रशियन सॅलड घेतलं असं समजू. त्यात एक तृतीयांश मेयोनेज, म्हणजे ३५ ग्रॅम धरू. लग्नातलं सॅलड बघता हा हिशेब मी उदार मनाने करते आहे. पासष्ट टक्क्यांनी त्यात तेल झालं जवळजवळ २३ ग्रॅम. एक ग्रॅम तेलाचे ९ उष्मांक, म्हणजे नुसत्या तेलाचे दोनशेच्या वर. बटाटा, मॅकरोनी, साखर अजून मोजलीच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे बैठं काम करणाऱ्या बाईने दिवसभरात वरून घालायचं तेल-तूप २० ग्रॅम आणि पुरुषाने २५ ग्रॅम. म्हणजे 'फक्त सॅलड' घेणाऱ्या आमच्या नात्यातल्या बाईसाहेबांचा दिवसाचा सगळा कोटा जेवायला सुरुवात होण्याआधीच संपला! व्हेज मेयो निम्म्या तेलाचं निघालं तरी निम्म्याहून जास्त कोटा गेलाच.

दोनशे उष्मांक म्हणजे किती? साठ ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी. त्या भाकरीत पाच-सहा ग्रॅम प्रथिनं येतात, चोथा येतो, लोह येतं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या मदतीने २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण आणलं ते नेमकं लोह आणि जस्त वाढवण्यासाठी. आणि आपण काय करतो? "भाकरी नको गं, वजन वाढतं" म्हणून ती बाजूला सारतो आणि तेवढेच उष्मांक चमच्याने चाटतो. भाकरीने निदान चार तास भूक तरी लागत नाही.

आता कोशिंबिरीचा हिशेब मांडते, म्हणजे पक्षपात नको. चौघांसाठी दोन काकड्या, अर्धी वाटी दही, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, फोडणीला एक लहान चमचा तेल. दाण्यांत वजनाने निम्मं तेलच असतं, ते मी लपवत नाही. कुटातलं आठ-नऊ ग्रॅम, फोडणीचं पाच, दह्यातलं तीन. सगळे मिळून सोळा-सतरा ग्रॅम, माणशी चार. तिकडे तेवीस, इकडे चार! शिवाय कुटाबरोबर प्रथिनं आली, दह्याबरोबर कॅल्शियम आलं, आणि काकडी ही काकडीसारखी लागली. मेयोनेजच्या सॅलडमध्ये डोळे मिटून खाल्लं तर कोबी कुठला आणि मॅकरोनी कुठली हे सांगून दाखवा.

माझा खरा आक्षेप नावाला आहे. कोणी सामोसा खातो तेव्हा त्याला माहीत असतं की आपण सामोसा खातो आहोत. तो संध्याकाळी एक पोळी कमी खातो, सकाळी एक चक्कर जास्त मारतो. सॅलड खाणारा पुण्य पदरी पडल्याच्या आनंदात असतो, त्यामुळे तो काहीच कमी करत नाही. उलट रात्री थोडं आइस्क्रीम घेतो, दुपारी फक्त सॅलड खाल्लं होतं ना! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर असल्याचं दिसलं. त्यातले काही ह्या कुटुंबातले आहेत, आणि पथ्य म्हणून सॅलडकडे वळतात ते नेमके तेच. तेलाने लगेच साखर चढत नाही हे मलाही कळतं. वजन चढतं, आणि वाढलेल्या वजनामागून साखर येते. शिवाय त्या सॅलडमधला बटाटा, मॅकरोनी, मक्याचे दाणे, पाकातला अननस ह्यांचं काय? पथ्याच्या नावाखाली तेल, पिष्ट आणि साखर तिन्ही एका चमच्यात येतात.

मेयोनेज विष आहे असं मी म्हणत नाही. त्यातलं सोयाबीनचं तेल हे डालड्यासारखं वाईट नव्हे. चवीला, म्हणून, एखाद्या वेळी चमचाभर लावलं तर काही बिघडत नाही. त्याला तेल म्हणा आणि तेलासारखं मोजून खा, एवढंच.

ह्यावर आमच्या घरात दोन वकील उभे राहतात. पहिली अमेरिकेतली भाची. ती म्हणते, "मावशी, भाजीतली जीवनसत्त्वं अंगी लागायला तेल लागतंच." शंभर टक्के बरोबर. २००४ साली आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजक्या माणसांना पालक, टोमॅटो, गाजराचं सॅलड तीन तऱ्हांनी दिलं. एकदा तेल मुळीच नाही, एकदा ६ ग्रॅम, एकदा २८ ग्रॅम. बिनतेलाच्या सॅलडमधून गाजरातला तो केशरी पदार्थ, ज्याचं शरीरात 'अ' जीवनसत्त्व होतं, रक्तात जवळजवळ आलाच नाही. सहा ग्रॅमने आला, अठ्ठावीस ग्रॅमने पुष्कळ जास्त आला. भाचीबाईंनी हे मला अगदी विजयी मुद्रेने सांगितलं.

पण बाळा, तिथे माणसं सॅलड एकटं खातात. मोठ्या वाडग्यात पाला घेतला, वर काय घातलं तेवढंच तेल पोटात. आपली कोशिंबीर एकटी कधी असते का? तिच्या शेजारी तूप घातलेला वरणभात असतो, तेलाच्या फोडणीची भाजी असते, चटणीवर कच्चं तेल असतं. जेवण पोटात जाऊन एकत्रच होतं. गाजराच्या कोशिंबिरीवर मोहरी-हिंगाची चमचाभर फोडणी आणि वर कूट, हे आपल्या आज्यांनी कुठल्या प्रयोगशाळेत शोधलं नसेल, पण काम तेच होतं. अठ्ठावीस ग्रॅम तेल एकट्या गाजरासाठी खर्च करायला आपल्या ताटात जागा नाही.

दुसरा वकील पुतण्या, शेती बघतो. त्याचं म्हणणं, "काकू, मेयोनेज सोयाबीनच्या तेलाचं असतं. आपल्या मराठवाड्याचं पीक. लोकांनी खाल्लं तर आपल्यालाच भाव येईल की!" काय पण भाबडा जीव! आपला देश खाण्याच्या तेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, आणि सोयाबीनचं तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतं. पांढऱ्या डोंगरातलं तेल मानवतच्या शेतातलं की तिकडचं, हे कोण सांगणार? शेतकऱ्यासाठी खायचंच असेल तर करडईच्या तेलाची फोडणी द्या. एके काळी आपल्या घराघरांत घाण्याचं करडईचं तेल होतं, इथल्या विद्यापीठाने 'परभणी कुसुम'सारखी वाणं दिली, आणि पीक मात्र सोयाबीनच्या लाटेत मागे पडलं. कोवळ्या करडईच्या पाल्याचा घोळाणा कितव्या पिढीपर्यंत आठवतो ते जरा आपापल्या घरी विचारा. मेथीचा तरी? कच्ची मेथी बारीक चिरून, कांदा, कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. पुण्याच्या मंडळींना हे सांगितलं की ती "म्हणजे ग्रीन सॅलड" म्हणतात. म्हणा बापडे.

"मुलं त्या निमित्ताने भाज्या खातात" हा एक युक्तिवाद असतो, त्याला एका वाक्यात उत्तर देते. मुलांच्या प्लेटमधले मटाराचे दाणे मोजा.

आता जरा गंभीर. जानेवारी २०२३ मध्ये केरळ सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये हैदराबादेत मोमो खाऊन अनेक लोक आजारी पडले, एक बाई दगावली, आणि संशय मेयोनेजवरही होता. ३० ऑक्टोबरला तेलंगण सरकारने एक वर्षाची बंदी जाहीर केली. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो आणि उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो. हैदराबाद आपल्याला परकं नाही, १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो आणि अजूनही अर्ध्या परभणीचे पाहुणे रेल्वेत बसून तिकडेच जातात. व्हेज मेयोत अंडं नसतं म्हणून निर्धास्त होऊ नका. मे महिन्यात इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला असतो. अशा उन्हात मांडवात सकाळी उकडून ठेवलेला बटाटा, तो कालवलेले हात, आणि दुपारी तीनपर्यंत उघडं भांडं! थंड खायचा पदार्थ पाच अंशांच्या खाली राहावा असं शास्त्र सांगतं. आमच्या मांडवात पाच अंश फक्त आइस्क्रीमवाल्याच्या पेटीत असतात.

ज्याला आपण रशियन सॅलड म्हणतो ते १८६०च्या सुमारास मॉस्कोत ल्युसियँ ऑलिव्हिए नावाच्या आचाऱ्याने आपल्या हर्मिटाज उपाहारगृहात सुरू केलं. त्यात शिकारीचे पक्षी वगैरे उंची सामान होतं. पुढे सोव्हिएत काळात ते गेलं आणि बटाटे, मटार, सॉसेज आलं. थंडीत जिथे बाहेर बर्फ आणि घरात साठवणीचे बटाटे, तिथे तेलाने माखलेलं, दाट, गार सॅलड लोकांना आवडलं तर नवल नाही. त्या देशाचा तो शहाणपणा. पण आपल्याकडे मार्गशीर्षात गाजर, मुळा, पातीचा कांदा, हिरवा हरभरा असं सगळं ढिगाने येतं, पावसाळ्यात रानात वाळकं लागतात, आणि आपण मॉस्कोची हिवाळ्यातली अडचण उसनी आणून परभणीच्या उन्हाळ्यात वाढतो!

आणि दाट, गार, पांढरं आपल्याकडे नव्हतं का? लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत. केळ्याची कोशिंबीर. काकडीच्या रायत्यात फेसलेली मोहरी. ही फेसलेली मोहरी म्हणजे तर आपलं लेसिथिनच. मोहरी वाटून पाण्याबरोबर फेसली की ती तेल-पाण्याला बांधून धरते आणि झणका देते तो वेगळा. कोबीची पचडी, तीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लिंबू, ओलं खोबरं. हीच 'कोलस्लॉ'ची थोरली बहीण, फक्त तिला मेयोनेजची आंघोळ घालत नाहीत.

मग हे घडलं कसं? लोकांना मेयोनेज आवडलं म्हणून झालं असं मला वाटत नाही. पंगत गेली आणि बुफे आला, तिथे झालं. पंगतीत ताटाला डावी बाजू होती. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं आणि कोशिंबीर. वाढपी चमचाभर वाढायचा, पुन्हा हवी असेल तर मागावी लागायची. कोशिंबीर तासाभरात संपायची. बुफेत भांडं दोन-तीन तास टेबलावर उभं राहणार, आणि कोशिंबिरीला तोपर्यंत पाणी सुटणार. मीठ लागलं की काकडी आपलं पाणी बाहेर सोडते, हा तिचा धर्म आहे. मेयोनेज घट्ट राहतं, चकाकत राहतं, त्यावर चेरी ठेवता येते. म्हणजे ते तुमच्या तब्येतीसाठी आणलेलं नाही, केटररच्या सोयीसाठी आणलेलं आहे. त्याला मी दोष देत नाही, तो धंदा करतो. पण मग ते आपण पथ्य म्हणून का खायचं?

आणि पाणी सुटण्यावर उपाय आहेत. येत्या मे महिन्यात घरातच कार्य आहे, तेव्हा केटररला बोलावून मी स्वच्छ सांगितलं. काकडी कोचवून, बिया काढून, गार जागी झाकून ठेवायची. कूट वेगळ्या भांड्यात, दही बर्फात, मीठ कोणी आधी घालायचं नाही. दर वीस मिनिटांनी दोन किलोचंच कालवायचं, वरून गरम फोडणी, ते संपलं की पुढचं. जोडीला कोबीची पचडी, तिला तर पाणीही फारसं सुटत नाही. तो म्हणाला, दोन बायका जास्तीच्या लागतील. मी म्हटलं, लागू देत. मग त्याच्याच वहीत मेयोनेजच्या डब्यांचा, डब्यातल्या अननसाचा आणि चेरीचा खर्च त्याच्याकडून लिहून घेतला आणि खाली त्या दोघींची मजुरी मांडली. मजुरी देऊन वर कोथिंबिरीचे आणि लिंबांचे पैसे सुटतात. वही त्याने नेली, पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे.